लग्नाच्या तारखेवर कॅन्सल

सेहेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, मराठी टंकलेखनात मिनिटाला चाळीस शब्द, आणि जिच्या आवाजाने पाचवीतल्या मुली ऑफिसच्या दाराबाहेरच थबकत, अशी एक बाई टेबलावरच्या खोक्याकडे पाठ करून बसायला घाबरायची. ती बाई म्हणजे मी. आता सत्तरी ओलांडल्यावर मी तिला 'ती' म्हणते, कारण एवढी भित्री बाई आपल्याच कातडीत राहून गेली हे कबूल करायला जड जातं. पाठ केली तर तो मागून काहीतरी करील असं तिला वाटायचं. काय करील, हे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

नाशकातल्या मुलींच्या एका शाळेत मी क्लार्क होते. माझा टाइपरायटर खिडकीशी होता आणि मी वेग घेतला की वळचणीची कबुतरं उडायची, याचा मला अभिमान होता. मग एका दिवाळीच्या आधी शाळेत कॉम्प्युटर आला. ऑफिसच्या कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन घालून त्याला खोली केली. तिथे चपला बाहेर काढून जायचं. प्रयोगशाळेच्या पडद्यांचं उरलेलं हिरवं कापड होतं, त्याची त्याला झूल शिवली. वर्षानुवर्षं माझ्या टाइपरायटरवर साधं फडकं पडलं होतं, याचा मला तेव्हा किती राग आला होता.

एक जानेवारीला, दोन हजार साल लागताच, जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी बोलवा होती. बाकीचं जग त्या बोलवेने काळजीत होतं. मी मात्र कालिकामातेला नारळ बोलले होते. बंद पडला नाही. नारळ वाचला.

शिकवायला कॉम्प्युटरच्या मॅडम होत्या, चोवीस-पंचवीस वर्षांच्या, पंजाबी ड्रेसमधल्या, माझ्या मुलीहून दोन वर्षांनी मोठ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हे यंत्र वेगळं आणि त्याच्या आत बसून त्याला चालवणारं विंडोज वेगळं. पत्र तुम्ही दुसऱ्या कशात लिहाल, छापणारं यंत्र तिसरंच, पण प्रत्येक गोष्टीला परवानगी विंडोजची लागते. मला ते लगेच कळलं. आमचं घर सासऱ्यांच्या नावावर होतं, कमावत आमचे हे होते, आणि चूल मात्र सासूबाईंनी मान हलवल्याशिवाय पेटत नव्हती.

सासूबाईंसारखंच ते बोलून दाखवायचंही. मध्येच वीज गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्या पडद्यावर इंग्रजीत मजकूर यायचा, की काल मला नीट बंद केलं गेलं नाही, म्हणून मी आता स्वतःला तपासून बघतो आहे, पुढच्या वेळी नीट बंद करत जा. मग एक पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकायची. वीज गेली गावाची आणि बोलणी मला. मी हात जोडून बसायचे. हे मी विनोदाने सांगत नाही, खरंच जोडायचे. संध्याकाळी बंद करतानाही तो आपणहून मिटत नसे. काळ्या पडद्यावर केशरी अक्षरं यायची, की आता मला बंद करायला हरकत नाही, तेव्हा कुठे बटणाला हात लावायचा. ती अक्षरं येईपर्यंत मी पर्स खांद्याला लावून उभी, घरी जायची परवानगी मागत.

मॅडमनी सांगितलेलं सगळं मी एका पुठ्ठ्यावर लिहून पडद्याच्या बाजूला टांगलं होतं. त्यात 'थांबणे' हा शब्द सात वेळा होता.

माझ्या भीतीला एक कारणही होतं, अगदीच हवेतली नव्हती ती. आमच्या संस्थेची दुसरी शाळा घोटीला होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मार्चमध्ये सगळ्या ऑफिससमोर शांतपणे सांगितलं होतं की ज्यांना कॉम्प्युटर जमणार नाही त्यांची सोय घोटीला होईल, तिथे अजून टाइपरायटर आहे. त्या कधी ओरडत नसत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं, घरात सासूबाई अंथरुणावर, आणि रोज एसटीने घोटी म्हणजे सकाळी अंधारात निघून दिवेलागणीला परत. तेव्हापासून मला त्या खोक्यात घोटी दिसायची.

आणि मग एके दिवशी मला त्यातली एक गोष्ट जमली. एकच, पण अशी जमली की मी हवेत गेले.

पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात वेळ दिसायची. त्यावर दोनदा टिचकी मारली की महिना उलगडायचा, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा. आणि भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरला संपतं, तसं हे संपायचं नाही. पुढलं वर्ष, त्याच्या पुढलं, हवं तितकं पुढे जा. मॅडमनी दाखवलं आणि बजावलं, की बघून झालं की कॅन्सल दाबायचं. ओके दाबलं तर त्याला वाटतं आज तीच तारीख आहे, आणि तो ती धरून बसतो. मी पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. 'बघणे. कॅन्सल.'

झालं, महिन्याभरात मी शाळेची ज्योतिषी झाले. शिक्षिका मधल्या सुट्टीत यायच्या. पुढल्या वर्षी पंधरा ऑगस्ट रविवारी येऊन सुट्टी तर बुडत नाही ना, दोन ऑक्टोबर कुठे जातो, हे शिक्षकांना किती जिव्हाळ्याचं असतं ते शाळेत काम केल्याशिवाय कळायचं नाही. कुणी मुलांचे जन्मवार विचारायच्या. एकोणीसशे ऐंशीच्या मागे मात्र तो जायचा नाही, त्यामुळे आमच्यापैकी कुणाचाच जन्म त्याला मान्य नव्हता. मी मान किंचित वाकडी करून, चष्मा नाकावर ओढून वार सांगायचे. आमच्या शिपाई मावशी म्हणाल्या, बाई, आता पुढ्यात ताम्हण ठेवा म्हणजे दक्षिणा पडेल. मला तो टोमणा कळलासुद्धा नाही. मी खूश झाले. आणि ही बढाई मी सोयरिकीतही मारून आले, तिथेच सगळं फिसकटलं.

जूनमधली गोष्ट. दहावी-बारावीचे निकाल लागले होते, दाखल्यांसाठी मुली येत होत्या. सकाळी साडेदहाच्या सुमाराला ऑफिसात विहीणबाईंचा फोन आला. होणाऱ्या विहीणबाई, अजून सुपारी फुटायची होती, त्यामुळे मी खुर्चीतून उठून उभी राहून बोलत होते. त्यांच्या गुरुजींनी फेब्रुवारीतल्या दोन तारखा काढल्या होत्या. चिठ्ठीवर नुसत्या तारखाच होत्या, वार लिहायचा राहिला होता. मंगळवार त्यांच्याकडे चालत नव्हता. त्या म्हणाल्या, तुमच्या त्या कॉम्प्युटरवर बघा की, तुम्ही म्हणत होतात ना.

मी रिसीव्हर खांद्यात धरला, तार ताणून पार्टिशनच्या आत गेले आणि टिचक्या मारल्या. फेब्रुवारी उलगडला. पहिली तारीख नेमकी मंगळवार. दुसरी रविवार. रविवार म्हटल्यावर विहीणबाईंचा आवाजच बदलला. त्या म्हणाल्या, मग हीच धरा, देवानेच दिली.

आता कॅन्सल दाबायचं. बाण कॅन्सलवर नेला आणि माझा हात थांबला.

मी कुठल्या घरात वाढले ते सांगितल्याशिवाय हे कळणार नाही. आमच्याकडे बाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. अशा घरात वाढलेल्या बाईने पोटच्या मुलीच्या लग्नाची तारीख पडद्यावर निळी होऊन उभी असताना, तिकडे होणारी विहीण 'हीच धरा' म्हणत असताना, तिच्यावर 'रद्द' दाबायचं? पुठ्ठ्यावर काय लिहिलं होतं ते मला समोर दिसत होतं. मी मनाशी म्हटलं, आत्ता ओके दाबते, फोन ठेवला की गुपचूप उलटं करीन. तेव्हा तारीख नुसती तारीख असेल, मुहूर्त नसेल.

ओके दाबलं. विहीणबाई मग मानपानाचं बोलू लागल्या, त्यात दहा मिनिटं गेली. फोन ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात शालू होते, खोका नव्हता.

बाकावर एक मुलगी कधीची बसली होती.

ती आमच्या वसतिगृहातली, सुरगाण्याच्याही पलीकडच्या पाड्यावरची. पाचवीपासून शाळेत. तिच्या घरी पावसाळ्यात नागली आणि थोडा भात व्हायचा, दिवाळीनंतर सगळं घर द्राक्षबागांवर मजुरीला उतरायचं. ती बारावी झाली होती, आणि नर्सिंगच्या मुलाखतीचं पत्र तिला आलं होतं, धुळ्याला, दुसऱ्या दिवशी सकाळी. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं होतं आणि ते मीच फोडलं होतं. ही जागा मिळाली तर ती परिचारिका होणार. गेली तर दिवाळीनंतर तीही बागेवर. तिच्या मागच्या दोघी बहिणींचं काय होणार तेही त्यावरच होतं. पत्रात कागदांची यादी होती आणि त्यातला एक कागद कमी होता, चांगल्या वर्तणुकीचा दाखला.

ती चपला काढून आत आली आणि टेबलाच्या कडेला बोटं टेकून उभी राहिली. मी तिला म्हटलं, हात लावू नको गं, कॉम्प्युटर आहे. बोटं चटका बसल्यासारखी मागे गेली. मग मी तिला आयत्या वेळी येण्याबद्दल झापलं. दहा मिनिटं फोनवर मी होते आणि अर्धा तास बाकावर ती होती, पण झापलं तिला. भेकड माणसाला झापायला कुणीतरी लागतंच.

वर्तणुकीच्या दाखल्याचा इंग्रजी मसुदा मॅडमनी करून ठेवला होता. नाव आणि इयत्ता बदलायची, खालची तारीख तो आपणहून टाकायचा. मी नाव टाकलं, दोनदा तपासलं. स्पेलिंग तपासलं. तारखेकडे पाहिलंच नाही, कारण ती त्याने टाकली होती, आणि त्याचं चुकत नाही ही माझी श्रद्धा होती. प्रिंटर किरकिरला. मोठ्या बाईंनी सही केली, मी शिक्का मारला. ती दाखला दोन्ही हातांत धरून निघाली, दीडची एसटी गाठायला.

तीन वाजता मोठ्या बाईंनी मला आत बोलावलं. शिक्षक-सभेची सूचना मी दुपारी छापली होती, ती त्यांच्या हातात होती. तिथे कॉम्प्युटरच्या मॅडमही होत्या आणि दोन शिक्षिका. मोठ्या बाईंनी विचारलं, ही सूचना फेब्रुवारीत काढली आहे का आपण. सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. हसता हसता मला सकाळी दाबलेलं ओके आठवलं.

मॅडम बाहेर गेल्या, अर्ध्या मिनिटात तारीख सरळ करून आल्या. त्यांनी सहज विचारलं, सकाळपासून आणखी काही छापलंत का बाई, त्यावरही हीच तारीख असेल. मोठ्या बाईंनी मान वर केली. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर घोटीची एसटी दिसली.

"नाही," मी म्हटलं. "दुसरं काही नाही."

एवढं सरळ, न अडखळता. आयुष्यात मी पुष्कळ बारीकसारीक खोटं बोलले आहे, सासूबाईंशी तर रोजच, पण त्या 'नाही'ची भीती मला आजही वाटते. ते माझ्या तोंडात तयारच होतं. शोधावं लागलं नाही.

बाहेर येऊन मी वसतिगृहाला फोन लावला. रेक्टरबाई म्हणाल्या, ती दीडच्या गाडीने गेली. मुक्काम एका मैत्रिणीच्या आत्याकडे, तिथे फोन नाही. मुलाखत अकराला. मी खुर्चीत बसले. पुढल्या फेब्रुवारीची तारीख घातलेला दाखला घेऊन एक मुलगी उद्या सरकारी टेबलापुढे उभी राहणार. तिला विचारणार, हा कुठून छापून आणलास. ती काय सांगणार? ती मुळात बोलायचीच कमी. बनावट दाखला म्हणून नाव कापलं की संपलं, पुन्हा कुठे अर्ज करायला तोंड राहायचं नाही.

आता यावर एखाद्या सरळ बाईने काय केलं असतं, तर उठून मोठ्या बाईंच्या खोलीत गेली असती. मी उठले, आणि नवा दाखला छापला. ह्या वेळी तारखेवर बोट ठेवून वाचलं. मग तो संध्याकाळच्या सह्यांच्या गठ्ठ्यात, रजेच्या अर्जांच्या मध्ये सरकवला. मोठ्या बाई गठ्ठ्यातलं कधी वाचत नसत. सही करताना त्यांचं पेन त्या कागदावर किंचित थांबल्यासारखं वाटलं. कदाचित शाई वाळली असेल.

घरी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, एका दाखल्यासाठी कोण धुळ्याला जातं. आणि पहाटे पाचला स्कूटर काढून उभे राहिले. शाळेत द्यायला शेजारणीकडे चिठ्ठी ठेवली, पोटात दुखतं आहे म्हणून. म्हणजे खोटं आता दोन झालं.

एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय होतं ते विचारू नका. चांदवडच्या घाटात गाडी ट्रकच्या मागे अडकली तेव्हा मी ड्रायव्हरला मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मालेगावला गाडी वीस मिनिटं थांबली. सगळे चहाला उतरले. मी एकटी आत, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत दाखला, आणि दर थोड्या वेळाने तो काढून तारीख वाचायची. जणू एसटीतही ती बदलेल. शेजारच्या बाईने विचारलं, कोर्टाचं काम आहे का. मी हो म्हटलं. तिसरं.

पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. लांबलचक व्हरांडा, त्यात मुली आणि त्यांचे आईबाप, आणि आतून नावं पुकारली जात होती. मी एकेक चेहरा बघत गेले. ती शेवटी सापडली, पार टोकाला, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. प्लास्टिकची फाइल छातीशी धरून भिंतीला चिकटली होती. मला बघून ती आणखीच चिकटली.

तुझं नाव झालं का, मी विचारलं. तिने मान हलवली. झालं होतं. दोनदा पुकारलं होतं. मग गेली का नाहीस, म्हटल्यावर तिने फाइल उघडली, दाखला काढला आणि तारखेच्या खाली बोट ठेवलं. तिचं बोट बरोबर जागेवर होतं.

"कधी बघितलंस हे?"

"ओझर गेल्यावर. बसमध्ये."

ओझर म्हणजे शाळेपासून अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. मी म्हटलं, अगं, मग उतरून परत का नाही आलीस, दोन मिनिटांत बदलून दिला असता.

तिने माझ्या पायांकडे बघत सांगितलं, "तुमचं भ्या वाटलं, बाई." मग म्हणाली, "मी टेबलाला हात लावला होता ना. त्यानंच बिघडलं आसंल."

मी आजवर हे कुणाला नीट सांगू शकलेले नाही, की ते ऐकून कसं वाटलं. ती रात्रभर आत्याच्या घरी हेच धरून बसली होती, की आपल्या बोटांमुळे कॉम्प्युटरची तारीख बिघडली, आणि बाईंना कळलं तर त्या काय करतील. मी एका खोक्याला भीत होते. ती मला. आणि तिची भीती माझ्याहून मोठी होती, कारण खोका कुणाला झापत नाही.

मी तिचा दंड धरून तिला आत नेलं. टेबलापलीकडे एक वयस्क अधिकारी बाई होत्या, शांत, दमलेल्या. मी नवा दाखला पुढे केला. त्यांनी तो पाहिला, यादी पाहिली, म्हणाल्या की नाव दोनदा पुकारलं आहे. मुलगी उशिरा आली असेल तर मला काही करता येणार नाही, नियम सगळ्यांना सारखा. कागदात शाळेची चूक झाली म्हणून ती थांबली असेल, तर शाळेने तसं लेखी द्यावं. मग शेवटी नाव घेता येईल. आणि त्याची प्रत शाळेला पोस्टाने जाईल, मुख्याध्यापिकांच्या नावाने.

त्यांनी माझ्यापुढे एक कोरा कागद सरकवला.

मला लिहायला घ्यायचं होतं आणि हात उचलत नव्हता. चोवीस वर्षं नोकरी, अर्ज-विनंत्या लिहिण्यात हयात गेलेली, आणि मी त्या कागदावर पहिलं वाक्य काय लिहिलं सांगू? 'एसटी उशिरा पोहोचल्यामुळे' इतकं लिहिलं. हाताने आपणहून लिहिलं, कालच्या 'नाही'सारखं. मला वाटलं, यातूनही काहीतरी वाट निघेल, बाई दयाळू दिसतात, एसटी कुणाचीही उशिरा होते.

मुलगी शेजारी उभी होती. ती कागद वाचत होती. काल दाखला वाचला तसाच, शांतपणे, अक्षर अन् अक्षर. उशिरा कोण ठरणार होतं हे त्या ओळीत लिहिलेलं नव्हतं, पण तिला कळलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त फाइल मिटली आणि तिचा रबर लावायला लागली, आता निघायचं आहे अशी.

मी ती ओळ खोडली. इतकी खोडली की कागद फाटला. अधिकारी बाईंनी दुसरा दिला.

त्यावर लिहिलं की दाखल्यावर चुकीची तारीख माझ्या हातून पडली, मी शाळेची लिपिक आहे, विद्यार्थिनी वेळेवर हजर होती आणि तिचा कोणताही दोष नाही. खाली सही, हुद्दा. माझं अक्षर शाळेत नावाजलेलं होतं, फळ्यावरचे सुविचार मी लिहायचे. त्या दिवशीचं अक्षर बघून वाटलं असतं, आमच्या अंथरुणावरच्या सासूबाईंनी लिहिलं आहे.

मग पुन्हा व्हरांडा. एक, दोन, तीन वाजले. आम्ही दोघी टाकीजवळच्या कट्ट्यावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मी शेंगदाण्याचे लाडू आणले होते, ते ती घेईना, मग मी झापल्यावर घेतला, आणि झापल्याची मला लाज वाटली. मला सारखं वाटत होतं, आता त्या बाहेर येऊन सांगतील की जागा भरल्या. प्रत्येक वेळी दार वाजलं की माझी मान ताठ व्हायची. तिची नाही. ती गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत होती, आधीच आशा सोडल्यासारखी. ते मला सगळ्यात भयंकर वाटलं.

चारच्या पुढे नाव पुकारलं. ती जागची हलली नाही. मला वाटलं ऐकू आलं नाही, मी हळूच ढकललं. ती आत गेली. दार लागलं. आत किती वेळ होती कुणास ठाऊक, मी घड्याळाकडे बघायचं टाळलं.

यादी पाच वाजता फळ्यावर लागली. तिचं नाव शेवटून दुसरं होतं. तिने त्यावरही बोट ठेवलं, नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं, मग इयत्ता, मग शाळेचं नाव. चूक नाही अशी खात्री झाल्यावर ती तिथेच जमिनीवर बसली. मीही बसले. साडी नवी होती.

परतीच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर झोपली, आणि मी पुन्हा घाबरायला मोकळी झाले. पोस्टाला दोन-तीन दिवस लागणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं, तारखेचं, 'नाही'चं, गठ्ठ्यात सरकवलेल्या दाखल्याचं, पोटदुखीचं. कॅन्सल का दाबलं नाही तेही सांगितलं. तेव्हा त्यांच्या ओठांचा कोपरा एकदा हलला, बाकी चेहरा तसाच. मला लेखी समज मिळाली, सेवापुस्तकात नोंद झाली, आणि बदलीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढली आठ वर्षं, त्या निवृत्त होईपर्यंत, काही बोलल्या नाहीत. दर जूनमध्ये मी वाट बघायचे.

त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली. दाखला घ्यायला आलेल्या मुलीला मी तो हातात देऊन म्हणायचे, इथे माझ्यासमोर वाच, बोट ठेवून, आणि चूक असेल तर सांग. मुली वाचायच्या. वाचून झालं की म्हणायच्या, बरोबर आहे बाई. सगळ्याच. एकदा मी मुद्दाम एकीचं आडनाव चुकवून दिलं. तिने बोट त्या आडनावावरून नेलं, थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, बरोबर आहे बाई.

त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही.

तीन वर्षं गेली अशी. मग एकदा सहावीतली एक चिमुरडी, दोन वेण्या, नाक वाहतं आहे, दाखला टेबलावर परत ठेवून उभी राहिली. तिचा आवाज इतका बारीक होता की मला पुढे वाकावं लागलं.

"बाई, माझ्या आईचं नाव चुकलंय."

या वेळी मी मुद्दाम चुकवलं नव्हतं. खरंच चुकलं होतं. जुनी भीती एकदम छातीत आली, आणि तिच्या मागोमाग तोंडात झापायचे शब्दही आले, ते कायम तयारच असतात. मी ते गिळले. खुर्ची सरकवली, तिला माझ्या शेजारी, कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हटलं, तू सांग, मी टाइप करते. तिने सांगितलं. एकेक अक्षर, माझ्याकडे चोरून बघत, की आता ओरडतील, आता ओरडतील.